अडथळ्यांच्या आधीचे वर्ष : तरुण कुत्र्याच्या अ‍ॅजिलिटी प्रशिक्षणाची प्रस्तावना

अ‍ॅजिलिटी हा कुत्रा आणि माणूस यांनी जोडीने खेळायचा मैदानी खेळ आहे. परीक्षकाने मांडलेले अडथळे ठरलेल्या क्रमाने, कमीत कमी वेळात आणि चूक न करता पार करायचे, असे त्याचे ढोबळ स्वरूप. धावताना कुत्र्याला दोरी नसते. हँडलरच्या, म्हणजे कुत्र्याला धाववणाऱ्या माणसाच्या हाती खाऊ किंवा खेळणे नसते आणि कुत्र्याला हात लावण्याचीही मुभा नसते. दिशा दाखवायची ती आवाजाने, हातांनी आणि स्वतःच्या धावण्याने. अडथळ्यांची मांडणी प्रत्येक फेरीला नवी असते. फेरीपूर्वी काही मिनिटे हँडलरला मैदानात पायी फिरून ती पाहता येते. कुत्र्याला मात्र ती प्रत्यक्ष धावतानाच कळते.

या शेवटच्या नियमात साऱ्या प्रशिक्षणाचे मर्म आहे. कोर्स आधी दिसत नसल्यामुळे कुत्र्याला तो पाठ करता येत नाही; त्याला माणूस वाचावा लागतो. एकेक सुटा अडथळा निरोगी प्रौढ कुत्रा बहुधा लवकर शिकतो. पण भरवेगात असताना माणसाचे खांदे कोणीकडे वळले, पाय मंदावले की वाढले, हात कोणता उचलला गेला, यावरून पुढची दिशा ओळखायला शिकण्यास पुष्कळ महिने लागतात. हे शिक्षण पिल्लाच्या वयात, एकही अडथळा न मांडता सुरू करता येते. उलट उंच उडीसाठी आणि वेगात घ्यायच्या गिरक्यांसाठी लागणारी हाडे व सांधे पक्के व्हायला वर्ष-दीड वर्ष जाते. मन लवकर तयार होते, शरीर उशिरा. तरुण कुत्र्याचे प्रशिक्षण या दोन वेळापत्रकांना धरून आखले, तर कुठेच वेळ वाया जात नाही. ती उलटी केली, तर दोन्हीकडे नुकसान होते.

खेळाचा इतिहास फार जुना नाही. १९७८ साली लंडनमधील ऑलिंपिया येथे भरलेल्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात मुख्य रिंगणातील कार्यक्रमांच्या मधला वेळ भरून काढायचा होता. आयोजन समितीतील जॉन व्हार्ली यांनी त्यासाठी प्रशिक्षक पीटर मीनवेल यांची मदत घेतली आणि घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धांच्या धर्तीवर कुत्र्यांचे एक प्रात्यक्षिक बसवले. प्रेक्षकांना ते इतके आवडले, की दोनच वर्षांत, १९८० मध्ये, ब्रिटनच्या केनेल क्लबने अ‍ॅजिलिटीला अधिकृत मान्यता दिली. अमेरिकेत १९८६ मध्ये या खेळाची स्वतंत्र संघटना निघाली आणि १९९४ पासून अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धा सुरू झाल्या. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाली. घोड्यांच्या खेळाकडून अ‍ॅजिलिटीने निर्दोष फेरीची कल्पना, आडवी काठी पाडल्यास दोष धरण्याची पद्धत आणि फेरीपूर्वी कोर्स पायी पाहण्याची प्रथा घेतली. फरक एवढाच, की घोडेस्वार घोड्याच्या पाठीवर असतो आणि इथे माणूस जमिनीवर, बहुतेक वेळा कुत्र्याच्या मागे पडलेला. लगाम नाही आणि अंतरही वाढत जाणारे. म्हणून दोघांमधली खुणांची भाषा पक्की असावी लागते.

एफसीआयच्या नियमांप्रमाणे एका कोर्समध्ये १५ ते २२ अडथळे असतात. निम्म्याच्या आसपास साध्या उड्या असतात. त्यांची आडवी काठी धक्का लागताच खाली पडेल अशी ठेवलेली असते. त्याखेरीज ६० सेंटिमीटर व्यासाचा लवचिक बोगदा, टांगलेला टायर, लांब उडी, आणि एका रांगेत रोवलेले बारा खांब असतात. या खांबांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर असते. कुत्र्याने पहिला खांब डाव्या खांद्याशी ठेवून आत शिरायचे आणि एकही फट न चुकवता नागमोडी बाहेर पडायचे. तिसरा गट चढण्या-उतरण्याचा : दोन रुंद फळ्या टेकवून केलेली, माणसाच्या उंचीची ए-फ्रेम, सव्वा मीटरच्या आसपास उंचीवरून जाणारी अरुंद डॉग वॉक आणि मध्यावर झुलणारा सीसॉ. या तिन्हींच्या टोकांचा भाग वेगळ्या रंगाने रंगवलेला असतो आणि उतरताना त्या रंगीत पट्ट्यावर निदान एक पाऊल पडलेच पाहिजे. कुत्र्याने वरूनच उडी मारून स्वतःला इजा करून घेऊ नये, हा त्यामागचा हेतू. काठी पडली, पट्टा चुकला किंवा कुत्रा अडथळ्यापाशी अडला, तर प्रत्येकी पाच दोष. तीनदा अडला किंवा चुकीचा अडथळा घेतला, तर फेरी बाद. कुत्र्यांचे गट खांद्याच्या उंचीवरून पाडतात. एफसीआयमध्ये ते चार आहेत : ३५ सेंटिमीटरपेक्षा कमी, ३५ ते ४३, ४३ ते ४८ आणि ४८ व त्याहून अधिक. त्यानुसार उडीची उंची बदलते. निष्णात कुत्री हा सारा पसारा सेकंदाला पाच मीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेगाने पार करतात.

एवढ्या वेगात शरीरावर काय भार पडतो, हे समजल्याशिवाय घाईचा धोका लक्षात येत नाही. स्वस्थ उभ्या कुत्र्याचे सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असते. उडीनंतर तेच पाय आधी टेकतात आणि त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या काही पट भार झेलतात. प्रौढ कुत्र्यांतही या खेळात खांद्याच्या दुखापती सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहेत. पिल्लाची अडचण आणखी वेगळी. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पट्टे असतात. त्यांना ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तिथेच वाढते आणि वाढ पुरी झाली की ते पट्टे पक्क्या हाडात बदलतात. तोवर तो भाग आजूबाजूच्या हाडापेक्षा व स्नायुबंधांपेक्षा कमकुवत राहतो. लहान व मध्यम बांध्याच्या कुत्र्यांत हे बंद होणे साधारणपणे नऊ ते बारा महिन्यांत, मोठ्या जातींत त्याहून उशिरा आणि महाकाय जातींत दीड वर्षापर्यंत चालते. मनगटाजवळील अल्ना हाडाचा पट्टा शंकूच्या आकाराचा असल्याने धक्क्याला विशेष नाजूक असतो. त्याला इजा झाली, तर एक हाड वाढायचे थांबते, शेजारचे वाढत राहते आणि पाय वाकडा होतो. वाढ पुरी होण्याआधी नसबंदी झाल्यास हे पट्टे बंद व्हायला अधिक वेळ लागतो, हेही नियोजनात धरावे लागते.

यावरून ‘पिल्लाला हलूच देऊ नये’ असा अर्थ काढणे चूक ठरेल. मोकळ्या मैदानात स्वतःच्या मर्जीने धावणे, थांबणे, मऊ मातीतले चढ-उतार चढणे हे वाढत्या शरीराला हवेच असते. टाळायचे ते माणसाने लादलेले आणि पुन्हापुन्हा केलेले श्रम : ठरावीक उंचीच्या उड्या, नागमोडी खांबांच्या फेऱ्या, उंचावरून खाली उड्या, एकाच दिशेने घेतलेल्या वेगवान गिरक्या. घरातल्या गुळगुळीत फरशीवर चेंडूमागे घसरत धावणे हेही त्याच यादीत येते, आणि शहरी घरांत त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पिल्लाच्या खेळाच्या जागी जाड सतरंजी किंवा रबरी चटई असावी, नखे वेळच्या वेळी कापावीत आणि वजन आटोक्यात ठेवावे. बरगड्या दिसत नाहीत, पण बोट फिरवताच लागतात, हे योग्य वजनाचे लक्षण. पूर्ण उंचीचा सराव सुरू करण्यापूर्वी पशुवैद्याकडून सांधे तपासून घ्यावेत; मोठ्या जातींत खुब्याचा एक्स-रेही काढावा.

मनाचे वेळापत्रक याच्या अगदी उलट चालते. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सर्वांत सहज स्वीकारते. त्या काळात पायाखाली आलेले गवत, वाळू, पत्रा, लाकडी फळी, हलणारी चटई, आणि कानावर पडलेले लाउडस्पीकर, टाळ्या, शिट्ट्या पुढे मैदानात भीती वाटू देत नाहीत. मात्र लसीकरणही याच काळात सुरू असते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना दिली जाते, पुढचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत किंवा त्यापुढे चालतात आणि रेबीजची लस साधारण बारा आठवड्यांनंतर देतात. तोपर्यंत अनोळखी कुत्र्यांचा वावर असलेली मैदाने टाळून पिल्लाला कडेवर किंवा टोपलीत घेऊन बाहेरचे जग दाखवता येते. त्याला ढकलून किंवा ओढून कशावरही चढवू नये. स्वतःहून पाय ठेवला की कौतुक आणि खाऊ. मागे फिरले तर फिरू द्यावे. अनोळखी वस्तूकडे जाणे आपल्या हिताचे असते, ही समजूत त्याच्या मनात रुजणे हा या वयातला खरा धडा.

त्यासोबत बक्षिसाची भाषा पक्की करावी लागते. योग्य कृती घडली त्याच क्षणी एक ठरावीक छोटा आवाज, क्लिकरचा किंवा ‘हां’सारख्या शब्दाचा, आणि लगेच खाऊ, अशी जोडी बसली की आपल्याला नेमके कशाबद्दल बक्षीस मिळाले, हे पिल्लाला कळते. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या केलर व मॅरियन ब्रेलंड यांनी विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात हे तंत्र प्राणीप्रशिक्षणात आणले. पुढे कॅरेन प्रायर यांच्या लेखनातून ते घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत पोचले. अ‍ॅजिलिटीत त्याला एका गोष्टीची जोड लागते, ती म्हणजे खेळण्याची ओढ. दोरीचे खेळणे दातांत धरून ओढाओढ करणे, सांगताच सोडणे आणि पुन्हा धरणे कुत्र्याला जमत असेल, तर लांबून, धावत असतानाही बक्षीस देता येते. दात बदलण्याच्या, म्हणजे चौथ्या ते सहाव्या-सातव्या महिन्याच्या काळात ही ओढाओढ अगदी हलकी ठेवावी. बक्षीस कुठे दिले जाते, यालाही महत्त्व आहे. खाऊ नेहमी हातातून मिळाला, तर कुत्रा माणसाच्या तोंडाकडे पाहत धावतो. पुढे टाकला, तर पुढे पाहायला शिकतो.

सराव लहान असावा. पिल्लासाठी एका वेळी दोन-तीन मिनिटे पुरतात आणि दिवसातून अशा दोन-तीन वेळा पुष्कळ होतात. एखादी गोष्ट ओळीने दोनदा चुकली, तर तिसऱ्यांदा तीच करून घेण्याऐवजी ती सोपी करावी. सतत चुकणारे पिल्लू हट्टी नसते; त्याला पायरी उंच दिली गेलेली असते.

सहा महिन्यांच्या आतच सुरू होणाऱ्या पायाभूत सरावाचे तीन भाग पडतात. पहिला शरीराच्या जाणिवेचा. कुत्रा पुढच्या पायांकडे पाहून चालतो. मागचे पाय त्यामागून येतात आणि ते कुठे पडतात याची त्याला फारशी फिकीर नसते. फळीवरून चालताना आणि काठीवरून उडी घेताना हेच मागचे पाय चुकतात. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या काठ्यांमधून हळू चालवणे, मागे मागे चालायला लावणे, उथळ खोक्यात चारही पाय ठेवायला शिकवणे, पुढचे पाय पाटावर ठेवून मागच्या पायांनी गोल फिरवणे, या साध्या कृतींनी ती जाणीव येते. पाटाखाली दुमडलेले फडके ठेवून तो किंचित डुगडुगता केला, की सीसॉची पूर्वतयारीही होते.

दुसरा भाग पुढे धावण्याच्या उत्साहाचा आणि थांबण्याच्या संयमाचा. कोणीतरी पिल्लाला छातीशी हळुवार धरून ठेवावे, हँडलरने पळत जाऊन हाक मारावी आणि मग पिल्लाला सोडावे. या खेळात पिल्लू धावत्या माणसाला गाठायला शिकते आणि माणूस ज्या बाजूला आहे त्याच बाजूने येण्याची त्याला सवय लागते. याला जोडूनच आरंभरेषेवर बसून वाट पाहणे शिकवले जाते. हँडलर चार पावले पुढे गेला तरी जागेवर राहणारा कुत्रा वेगवान कोर्सवर मोलाची आघाडी देतो. ही सवय उत्साह वाढण्याआधी लावणे सोपे. नंतर फार अवघड.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग सपाट मैदानावर, अडथळ्यांविना धावण्याचा. कुत्रा डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंना सारख्याच सहजतेने धावला पाहिजे. हँडलर मोठ्या वर्तुळात धावतो, वेग बदलतो, थांबतो, वळतो आणि प्रत्येक वेळी बक्षीस त्याच्या शेजारी, योग्य बाजूच्या हाताने देतो. मग बाजू बदलण्याच्या युक्त्या येतात. कुत्र्याच्या पुढून, त्याच्याकडे तोंड ठेवून बाजू बदलणे म्हणजे फ्रंट क्रॉस. पुढूनच पण पाठ फिरवून बदलणे म्हणजे ब्लाइंड क्रॉस. आणि त्याच्या मागून बाजू बदलणे म्हणजे रिअर क्रॉस. बादली, झाड किंवा खुर्ची यांना वळसा घालून परत येण्याचा खेळ यात बसतो. पुढे उडीच्या खांबाला घालायचा वळसा हाच असतो. या सगळ्यांत माणसाचेही शिक्षण होते. कुत्रा हाताच्या खुणेआधी धावण्याची दिशा आणि खांद्यांचा कल वाचतो. तोंडाने एक आणि शरीराने दुसरेच सांगणाऱ्या हँडलरचे शरीरच त्याला खरे वाटते. म्हणून नवख्या हँडलरने ही पावले आधी कुत्र्याविना गिरवावीत. त्याच्या चुकांची किंमत पिल्लाच्या गोंधळाने चुकवली जाऊ नये.

अडथळ्यांची ओळख ठरावीक क्रमाने होते. सर्वांत आधी बोगदा, कारण त्यात सांध्यांवर भार नाही. आखडून मीटरभर लांबीचा व सरळ केलेला बोगदा, पलीकडच्या तोंडाशी दिसणारा माणूस आणि खाऊ, एवढ्यावर सुरुवात होते. लांबी आणि बाक नंतर वाढवतात. बोगदा घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या हव्यातच. उडीसाठी आरंभी दोन उभे खांब आणि काठी जमिनीवर. खांबांमधून पुढे जाणे हे काम कळले, की उंची वाढवण्याची घाई नसते. वर्षाच्या आतल्या पिल्लाची काठी घोट्याच्या उंचीवर ठेवण्याचा संकेत आहे. पूर्ण उंची ग्रोथ प्लेट बंद झाल्यानंतरच. डॉग वॉकची ओळख जमिनीवर ठेवलेल्या फळीने होते.

उतरतानाच्या रंगीत पट्ट्यासाठी दोन पद्धती आहेत. एकीत कुत्रा मागचे दोन पाय फळीवर आणि पुढचे दोन जमिनीवर ठेवून थांबतो. दुसरीत न थांबता धावतच पट्ट्यावर पाऊल टाकतो. दुसरी वेगवान, पण शिकवायला किचकट आणि पुष्कळ पुनरावृत्ती मागणारी. नवख्या जोडीला बहुधा पहिली सोयीची. ती शिकवताना जिन्याची शेवटची पायरी किंवा जमिनीपासून वीतभर उंचीची फळी पुरते. सीसॉत अडचण हलण्याची तशीच आवाजाचीही असते. फळीचे टोक जमिनीवर आपटण्याचा धाडकन आवाज कुत्र्याला बिचकवतो. म्हणून टोकाखाली उशी देऊन इंच-दोन इंचांच्या हालचालीपासून आरंभ करतात आणि पिल्लाला स्वतः फळी दाबून आवाज काढण्याबद्दल खाऊ देतात. आवाज आपणच काढतो हे कळले, की भीती उरत नाही. नागमोडी खांब सर्वांत शेवटी, साधारणपणे वर्ष उलटल्यावर. त्यात पाठीचा कणा दर पावलाला दोन्हीकडे वाकतो. खांबांच्या दोन रांगांमध्ये मार्गिका ठेवून ती हळूहळू अरुंद करत नेणे ही एक रीत. सुझन गॅरेट यांनी रूढ केलेली, दोन-दोन खांबांनी वाढवत नेण्याची ही दुसरी.

या काळात कुत्रा जे सांगत असतो, त्याकडे लक्ष हवे. सराव सुरू असताना अचानक जमीन हुंगणे, अंग खाजवणे, जांभया देणे, मैदानभर वेड्यासारखे धावत सुटणे ही बहुधा बेशिस्त नसते; गोंधळ किंवा ताण यांची ती खूण असते. आधी निर्दोष उडी घेणारा कुत्रा काठ्या पाडू लागला, एकाच बाजूला वळायला टाळू लागला किंवा उडीआधी बारीक पावले टाकू लागला, तर पहिली शंका दुखण्याची घ्यावी. सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान तारुण्याचा काळ येतो आणि कमावलेल्या सवयी विसरल्यासारख्या वाटतात. तेव्हा पाठ मागे नेऊन सोपे धडे द्यावेत. मोठ्याने रागावणे किंवा दोरीचा हिसका देणे या खेळात निरुपयोगी ठरते. भीतीने कुत्रा मंदावतो, आणि हा खेळ वेगाचा आहे.

कोणता कुत्रा या खेळाला योग्य, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बॉर्डर कॉली आणि शेल्टी यांचे वर्चस्व आहे. ही मेंढपाळ कुत्री माणसाच्या हालचालींवर लक्ष ठेवून काम करण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. परंतु छंद म्हणून हा खेळ जवळजवळ कोणत्याही निरोगी कुत्र्याला खेळता येतो. सडपातळ बांध्याचा, चपळ गावठी कुत्रा त्याला शरीराने अगदी सोयीचा असतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना धाप लवकर लागते आणि डॅक्सहुंडच्या लांब पाठीला उडी व वळणे धोक्याची. त्यांच्यासाठी सपाट सराव आणि बोगदा पुरेसा.

महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात आणखी काही पथ्ये लागतात. कुत्रा मुख्यतः धाप टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे दमट हवेत त्याचे शरीर लवकर तापते. उन्हाळ्यात सराव सूर्योदयाच्या आसपास किंवा संध्याकाळी उशिरा करावा आणि पाणी व सावली हाताशी असावी. जमिनीवर तळहात काही सेकंद ठेवता येत नसेल, तर ती कुत्र्याच्या पंजांनाही सोसणार नाही. काँक्रीटची गच्ची आणि सोसायटीचा पेव्हर ब्लॉक उडीसाठी योग्य नाहीत. पावसाळ्यात निसरड्या गवतावर वेगवान वळणे टाळावीत. साधने घरी करता येतात. पीव्हीसी पाइपांच्या उड्या स्वस्तात होतात, पण काठी धक्क्याने सुटी पडेल अशीच बसवावी. चढायच्या फळीचा पृष्ठभाग खरखरीत हवा आणि तिचा आधार डळमळता नसावा. प्रत्येक सरावाआधी पाचेक मिनिटे चालणे व हलके धावणे, आणि नंतर तितकेच सावकाश फिरवणे, हा नियम वयाने कधीच सुटत नाही.

ब्रिटनचा केनेल क्लब आणि एफसीआय कुत्र्याला अठरा महिने पूर्ण झाल्याशिवाय स्पर्धेत उतरू देत नाहीत. अमेरिकन केनेल क्लबची मर्यादा पंधरा महिन्यांची आहे. हे किमान वय आहे, गाठायचे उद्दिष्ट नव्हे. दोन वर्षांचा होऊन पहिल्यांदा मैदानात उतरणारा कुत्रा मागे पडलेला नसतो. पहिल्या वर्षात ज्याला धावत्या माणसाकडे पाहणे, दोन्ही बाजूंना वळणे, थांबणे आणि न बिचकता नव्या वस्तूवर पाय ठेवणे जमले, त्याला अडथळे शिकवणे हे थोड्या काळाचे काम राहते. ज्याला ते जमलेले नाही, त्याला पुढे अडथळे आणि हा पाया दोन्ही एकदम शिकवावे लागतात आणि तेच अधिक वेळखाऊ ठरते.